सवाई गंधर्व

रामचंद्र गणेश सौंशी ऊर्फ रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (जन्म : कुंदगोळ, १९ जानेवारी १८८६, मृत्यू : पुणे, १२ सप्टेंबर १९५२) हे किराणा घराण्याचे हिंदुस्तानी शास्त्रीय गायक आणि मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट होते. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या प्रमुख शिष्यांमध्ये त्यांची गणना होते. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर आणि बसवराज राजगुरू यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. पुण्यात दरवर्षी डिसेंबरमध्ये भरणारा संगीत महोत्सव त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ सुरू झाला. त्यांच्या गायनाच्या मोजक्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध असून त्या ७८ फेऱ्यांच्या, प्रत्येक बाजूस सुमारे तीन मिनिटे वाजणाऱ्या तबकड्यांवरच्या आहेत. मैफलीत आवाज खुलण्यास वेळ घेणाऱ्या या गायकाची आजच्या श्रोत्याला होणारी ओळख मुख्यतः या तीन मिनिटांवर अवलंबून आहे.

जन्म आणि बालपण

रामभाऊंचा जन्म हुबळीजवळील कुंदगोळ या गावी झाला. हे गाव त्या काळी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात मोडत असे. आज ते कर्नाटकातील धारवाड जिल्ह्यात आहे. घरची व भोवतालची भाषा कन्नड, परंतु संस्थानचा कारभार, नाटक मंडळ्यांचे दौरे आणि कीर्तनकारांची ये-जा यांमुळे मराठीचा वावर या भागात मोठा होता. पुढे मराठी रंगभूमीवर त्यांनी जे नाव मिळवले त्यास ही पार्श्वभूमी उपयोगी पडली. शालेय शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. वडील गणेश सौंशी यांनी मुलाचा गळा ओळखून त्यांना बळवंतराव कोल्हटकर यांच्याकडे गाणे शिकण्यास ठेवले. कोल्हटकरांकडे त्यांना धृपदे, तराणे व इतर चिजांचे प्राथमिक शिक्षण मिळाले. १८९८ मध्ये कोल्हटकरांचे निधन झाले आणि बारा वर्षांच्या रामभाऊंचे शिक्षण खंडित झाले.

अब्दुल करीम खाँ यांच्याकडील तालीम

कुंदगोळ येथील नाडगीर घराणे संगीताचे आश्रयदाते होते. त्यांच्या वाड्यात अब्दुल करीम खाँ यांचा मुक्काम होत असे. उत्तर प्रदेशातील कैराना येथे जन्मलेले खाँसाहेब बडोदा, मुंबई, मिरज, धारवाड अशा पट्ट्यात फिरत आणि गात होते, आणि दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक ही त्यांची कर्मभूमी होऊ लागली होती. त्यांचे गाणे ऐकून रामभाऊ भारावले व त्यांच्याकडेच शिकण्याचा त्यांनी ध्यास घेतला. किमान आठ वर्षे आपल्याजवळ राहून शिकावे, या अटीवर खाँसाहेबांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले.

रामभाऊंचा मूळ आवाज गोड किंवा लवचीक नव्हता. तो जाड होता, सहज वळत नसे. वयात येताना तो फुटल्यानंतर अडचण अधिकच वाढली. खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज मात्र बारीक, टोकदार आणि अत्यंत सुरेल होता. गुरूच्या आवाजाची नक्कल करणे शिष्याला शक्यच नव्हते, आणि हीच गोष्ट पुढे त्याच्या फायद्याची ठरली असे म्हणावे लागते. मोजके राग, तेच पलटे, मंद्र सप्तकातील दीर्घ स्वरसाधना असा क्रम वर्षानुवर्षे चालला. या मेहनतीतून आवाज सुरेल झाला, पण त्याचा पिंड बदलला नाही. मैफलीच्या आरंभी तो काहीसा खरखरीत लागे, तापण्यास वेळ घेई आणि एकदा तापला की तिन्ही सप्तकांत मोकळेपणाने फिरे. त्यांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेल्यांच्या आठवणींत ही बाब पुन्हा पुन्हा येते.

रंगभूमी

तालमीनंतर रामभाऊंनी नाटक मंडळीत प्रवेश केला. अब्दुल करीम खाँ यांना हे पसंत नव्हते. नाटकात पदाला टाळ्या व वन्समोअर मिळतो, रात्री-बेरात्री गावे लागते आणि रागाची शिस्त ढिली पडते, अशी घराणेदार गवयांची भीती त्या काळी सर्वसाधारण होती. परंतु तरुण गायकाच्या चरितार्थाचा दुसरा खात्रीचा मार्ग नव्हता. संस्थानी आश्रय कमी होत चालला होता आणि तिकीट लावून होणाऱ्या मैफलींचे युग अजून यावयाचे होते.

नाट्यकला प्रवर्तक मंडळीत त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. सौभद्र नाटकातील सुभद्रेची त्यांची भूमिका गाजली. संत सखू या नाटकातील सखूची भूमिकाही लोकप्रिय झाली. अमरावती येथील प्रयोगानंतर वऱ्हाडचे पुढारी दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना सवाई गंधर्व ही पदवी दिली. नारायण श्रीपाद राजहंस यांना बालगंधर्व हे नाव त्याआधीच मिळालेले होते. सवाई म्हणजे सव्वापट, त्यामुळे या पदवीत तुलना गृहीतच होती. वास्तविक दोघांची गायकी व अभिनयाचा बाज इतका भिन्न होता की या तुलनेला फारसा अर्थ नाही. बालगंधर्वांचे बलस्थान लाडिक, नाजूक, शब्दाला लगडलेली स्वराकृती हे होते. रामभाऊंच्या पदगायनात ख्यालाचा विस्तार आणि तानेचा जोर दिसे. रूप व अभिनय यांपेक्षा गाण्यासाठी प्रेक्षक त्यांच्या नाटकांना येत. पुढे त्यांनी स्वतःची नाटक मंडळीही चालवली. बोलपटांच्या आगमनानंतर संगीत नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात रामभाऊ रंगभूमीपासून दूर झाले आणि मैफली व अध्यापन यांकडे वळले.

गायकी

किराणा घराण्याचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे रागाची एकेका स्वराने केलेली संथ बढत. अतिविलंबित लयीत षड्जापासून आरंभ करून पुढचा स्वर लागण्यापूर्वी मागच्या स्वराचा पुरेपूर अनुभव देणे, ही अब्दुल करीम खाँ यांची रीत सवाई गंधर्वांनी आत्मसात केली. तिच्यात त्यांनी दोन गोष्टी वाढवल्या. एक, आलापीनंतर येणारी दमदार, स्पष्ट दाण्यांची तान. दुसरी, लयीशी अधिक मोकळा संबंध. खाँसाहेबांचे गाणे अंतर्मुख व करुण, तर शिष्याचे अधिक भरदार, असा फरक समीक्षकांनी नोंदवला आहे. पुढील पिढीत भीमसेन जोशी यांच्या गाण्यात जो आवेश व तानेची झेप दिसते, तिचा उगम शोधताना खाँसाहेबांपेक्षा सवाई गंधर्वांकडे पाहावे लागते.

ध्वनिमुद्रिका

भारतात ग्रामोफोन कंपनीने १९०२ पासून ध्वनिमुद्रणास सुरुवात केली. आरंभी गायक कर्ण्यापुढे बसून गात व आवाजाच्या दाबानेच मेणाच्या तबकडीवर खाच उमटे. १९२५ नंतर मायक्रोफोनचा उपयोग होऊ लागला आणि मुद्रित आवाज बराच नैसर्गिक झाला. दहा इंची तबकडीची मर्यादा मात्र तशीच राहिली. एका बाजूस सुमारे तीन ते सव्वातीन मिनिटे एवढाच वेळ मिळे. त्यात बंदिश, थोडी आलापी, ताना आणि समारोप बसवावा लागे.

अब्दुल करीम खाँ यांनी ही मर्यादा विलक्षण कौशल्याने सांभाळली. त्यांचा आवाज पहिल्या स्वरापासून लागलेला असे आणि ठुमरीसारखा प्रकार तीन मिनिटांत मावे. झिंझोटी व भैरवी रागांतील त्यांच्या ठुमऱ्यांच्या तबकड्या देशभर खपल्या. सवाई गंधर्वांच्या बाबतीत हे माध्यम तितके अनुकूल नव्हते. ज्या गायकाचे उत्तम गाणे अर्ध्या तासानंतर सुरू होते, त्याला लाल दिवा लागताच उत्तम गावे लागणे ही विपरीत अपेक्षा होती. विलंबित ख्यालाची बढत, म्हणजे त्यांच्या गायकीचा गाभा, या तबकड्यांत येऊच शकली नाही. तरीही त्यांचे काही ख्याल व ठुमऱ्या मुद्रित झाल्या. त्यांतील भैरवी रागातील ठुमरी सर्वाधिक प्रसिद्ध आहे. तिच्यात स्वर लावण्याची पद्धत, मींड आणि पुकार यांची ओळख पटते. मैफलीतील व्याप्तीची कल्पना मात्र शिष्यांच्या दीर्घ ध्वनिमुद्रणांवरून करावी लागते.

या मुद्रिका पुढे कॅसेट व सीडीच्या रूपात उपलब्ध झाल्या. मूळ तबकड्या संग्राहकांकडे आहेत. त्या वाजवण्याच्या यंत्रानुसार गायकाचा आवाज कसा बदलतो, हे लक्षात घेणे या मुद्रिकांच्या अभ्यासासाठी आवश्यक ठरते. पहिला प्रश्न वेगाचा. मिनिटाला ७८ फेरे हा वेग ठरलेला असला तरी प्रत्यक्ष मुद्रणात, विशेषतः आरंभीच्या काळात, तो काटेकोर पाळला गेलाच असे नाही. साधारण साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की संपूर्ण गाणे एका अर्धस्वराने चढते किंवा उतरते. वेग वाढला की जाड आवाज बारीक वाटतो आणि तान प्रत्यक्षाहून चपळ भासते. सवाई गंधर्वांसारख्या भरदार आवाजाच्या गायकावर याने मोठा अन्याय होतो. गायकाची पट्टी माहीत असेल तर तिच्यावरून तबकडीचा खरा वेग ठरवता येतो. त्यासाठी वेग किंचित कमी-जास्त करता येणारी फिरती तबकडी, म्हणजे टर्नटेबल, लागते.

दुसरा प्रश्न सुईचा. चावीच्या ग्रामोफोनला पोलादी सुई असे व ती प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागे. लाखेत दगडाची पूड मिसळून बनवलेली तबकडी सुईला झिजवून खाचेच्या आकाराची करी. सुई न बदलल्यास उलट तीच खाच कापू लागे. त्यामुळे भरपूर वाजलेल्या, म्हणजे सर्वांत लोकप्रिय, तबकड्याच सर्वांत खराब अवस्थेत सापडतात. १९४८ मध्ये आलेल्या दीर्घमुद्रिकेची खाच बरीच अरुंद आहे. तिच्यासाठीच्या सुईचे टोक सुमारे १८ ते २५ मायक्रॉन त्रिज्येचे, तर ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी ते सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन असावे लागते. बारीक सुई जुन्या खाचेच्या तळाशी घसटत जाते. तेथे साठलेली धूळ व खरखर ऐकू येते आणि खाचेच्या भिंतीवर कोरलेला आवाज निसटतो. जुन्या मुद्रणात आवाजच नाही अशी तक्रार करणाऱ्या श्रोत्याने अनेकदा चुकीची सुई लावलेली असते.

या कारणांमुळे जुन्या शास्त्रीय संगीताचे संग्राहक वापरलेली, पण उच्च दर्जाची जुनी टर्नटेबले शोधतात. इंग्लंडमधील गॅरार्ड कंपनीची ३०१ व ४०१, स्वित्झर्लंडमधील थोरेन्सची टीडी १२४ आणि लेंकोची एल ७५ ही त्यांतील नावाजलेली यंत्रे. या सर्वांत ७८ चा वेग असून तो थोडा कमी-अधिक करता येतो. लेंकोमध्ये तर तो सलग बदलता येतो. याउलट अधिक आधुनिक व कित्येकदा अधिक महाग यंत्रांत हा वेगच नसतो. लिनची एलपी १२ मूळ रूपात केवळ ३३ फेऱ्यांची होती आणि टेक्निक्सची एसएल १२०० मार्क २ ही ३३ व ४५ फेऱ्यांपुरती मर्यादित आहे. किमतीवरून यंत्राची योग्यता ठरवणारा संग्राहक येथे हमखास फसतो.

गॅरार्ड व लेंको यांसारख्या यंत्रांत मोटरची गती रबरी चाकाद्वारे तबकडीला मिळते. यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले की रबर कडक होते किंवा एका जागी दबते, आणि प्रत्येक फेऱ्याला घरघर अथवा स्वरात हेलकावा येतो. तंबोऱ्याच्या सलग षड्जावर तो लगेच कळतो, द्रुत तानेत लपून जातो. म्हणून वापरलेले यंत्र पारखताना संथ आलापीची तबकडी लावून पाहणे श्रेयस्कर. रबरी चाक बदलणे, मुख्य आसाची साफसफाई करून तेल घालणे आणि ७८ साठी वेगळी सुई व मोनो कार्ट्रिज बसवणे एवढ्याने बहुतेक यंत्रे पुन्हा उत्तम चालतात. नवा, महागडा टोनआर्म ही त्यानंतरची गोष्ट. ध्वनिवर्धकाबाबतही एक अडचण असते. १९५४ पासून रूढ झालेले ध्वनिसंतुलनाचे प्रमाण दीर्घमुद्रिकांसाठी आहे. ते जुन्या तबकड्यांना तसेच लावल्यास वरचे नाद दबतात व गायकाचा आवाज कोंदट होतो. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत, कारण लाख त्यात विरघळते.

शिष्य

अध्यापक म्हणून सवाई गंधर्वांचे कार्य त्यांच्या मुद्रिकांपेक्षा कितीतरी मोठे आहे. कुंदगोळ येथील घरी ते शिकवत. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने येत व तालीम संपवून रात्री परत जात. मोजक्याच रागांची दीर्घकाळ घोटवून घेतलेली तालीम त्यांना मिळाली आणि तीच त्यांची आयुष्यभराची शिदोरी ठरली. भीमसेन जोशी गुरुगृही राहत. पाणी भरण्यासारखी कामे त्यांच्याकडे असत आणि गंगूबाईंना स्थानकावर पोहोचवण्यासही तेच जात.

भीमसेन जोशी यांचा या परंपरेशी पहिला परिचय झाला तोही तबकडीद्वारेच. बालपणी त्यांनी दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकली आणि असे गाणे शिकण्यासाठी घर सोडले. ग्वाल्हेर, कोलकाता, दिल्ली असा प्रवास करीत ते जालंधरला पोहोचले. तेथे विनायकराव पटवर्धन यांनी त्यांना गावाजवळच असलेल्या सवाई गंधर्वांकडे जाण्याचा सल्ला दिला. १९३६ च्या सुमारास त्यांची तालीम सुरू झाली. मुंबईचे फिरोज दस्तूर हे बालवयात बोलपटांत गायक-नट म्हणून प्रसिद्ध होते. चित्रपटसृष्टी सोडून ते पूर्णतः ख्यालगायनाकडे वळले. गुरूच्या शैलीशी त्यांनी सर्वाधिक निष्ठा राखली असे मानले जाते. बसवराज राजगुरू यांची मुख्य तालीम पंचाक्षरी गवई यांच्याकडे झाली असली तरी त्यांनी सवाई गंधर्वांकडेही शिक्षण घेतले.

अखेरची वर्षे

१९४२ च्या सुमारास सवाई गंधर्वांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचे जाहीर गायन थांबले. चुंबकीय फीत भारतात रुळण्यापूर्वीच हे घडले. फीत काही वर्षे आधी आली असती किंवा त्यांची प्रकृती काही वर्षे अधिक टिकली असती, तर त्यांच्या संपूर्ण ख्यालाचे मुद्रण शक्य झाले असते. जानेवारी १९४६ मध्ये पुण्यात त्यांचा षष्ट्यब्दीपूर्ती समारंभ झाला. त्या वेळी तरुण भीमसेन जोशी यांचे गायन झाले व पुणेकर श्रोत्यांचे त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले. सवाई गंधर्वांची कन्या पुण्यात राहत असे. अखेरचा काळ त्यांनी पुण्यात घालवला आणि १२ सप्टेंबर १९५२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

पुण्यातील महोत्सव

गुरूच्या स्मृतीसाठी भीमसेन जोशी यांनी पुढाकार घेऊन १९५३ पासून पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था त्याचे आयोजन करते. अब्दुल करीम खाँ यांनी पुण्यात स्थापन केलेल्या विद्यालयाचे नाव आर्य संगीत विद्यालय होते, त्याचा धागा या नावात दिसतो. आरंभी लहान स्वरूपाचा हा कार्यक्रम पुढे हजारो श्रोत्यांचा झाला. काही वर्षे तो सदाशिव पेठेतील रेणुका स्वरूप प्रशालेच्या पटांगणावर भरत असे; नंतर शनिवार पेठेतील रमणबाग शाळेच्या मैदानावर दीर्घकाळ भरला. पूर्वी मैफली रात्रभर चालत. ध्वनिक्षेपकावरील वेळेच्या निर्बंधांनंतर त्या रात्री दहापर्यंत आटोपू लागल्या आणि उत्तररात्रीच्या व पहाटेच्या रागांना तेथे स्थान उरले नाही.

गंगूबाई हनगल व फिरोज दस्तूर यांनी अनेक वर्षे येथे हजेरी लावली. समारोपाचे गायन दीर्घकाळ भीमसेन जोशी करीत. २०११ मध्ये त्यांच्या निधनानंतर महोत्सवास सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असे नाव देण्यात आले. शेवटच्या दिवशी अखेरचा कलाकार गाऊन उठला की सवाई गंधर्वांच्या भैरवी ठुमरीची जुनी ध्वनिमुद्रिका ध्वनिक्षेपकावरून ऐकवली जाते. श्रोते तोपर्यंत जागेवरच थांबतात. ती संपल्यानंतर मंडप रिकामा होऊ लागतो.